एकोणीस सेंटिमीटर

अमेरिकेतल्या बहुतेक हायस्कूलांच्या जिममध्ये व्हॉलीबॉलचे दोन लोखंडी खांब भिंतीकडेला ठेवलेले असतात. सरावाच्या वेळी ते लाकडी फरशीतल्या खाचेत उतरवायचे, नेट अडकवायचं आणि हँडल फिरवून ताणायचं. मुलींच्या खेळात नेटची वरची कड जमिनीपासून २.२४ मीटरवर लागते, मुलांच्या खेळात २.४३ मीटरवर. फरक एकोणीस सेंटिमीटरचा, वीतभरही नाही. खांब वर-खाली करता येतात, नेट तेच असतं आणि फरशीवरच्या रेघाही त्याच. कित्येक शाळांत प्रशिक्षकसुद्धा तोच माणूस किंवा तीच बाई. इतकं सगळं हाताशी असूनही मुलांसाठी ते नेट वर चढवायला तिथल्या अनेक राज्यांना अर्धशतक लागलं. गेल्या पाच-सात वर्षांत मात्र ही राज्यं एकामागून एक हँडल फिरवू लागली आहेत.

तिथल्या शालेय खेळांची शिरगणती इंडियानापोलिसचा एक राष्ट्रीय महासंघ दरवर्षी करतो. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याच्या यादीत व्हॉलीबॉल खेळणारे हायस्कूलचे मुलगे होते पन्नास-पंचावन्न हजार. २०२३-२४ मध्ये ते पंच्याऐंशी हजारांच्या आसपास पोहोचले. त्याच वर्षी व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली होत्या जवळपास चार लाख ऐंशी हजार. म्हणजे एवढी वाढ होऊनही मुलग्यांची संख्या मुलींच्या पाचव्या हिश्शालाही पोहोचत नाही.

मराठी वाचकाला हे उफराटं वाटेल. आपल्याकडे व्हॉलीबॉल म्हटलं की पोलीस परेड ग्राउंड, कारखान्याची कॉलनी, गावाबाहेरच्या पटांगणात दोन बांबूंना बांधलेलं नेट आणि हाफ पँट-बनियनवर उड्या मारणारे बापे डोळ्यांसमोर येतात. ‘शूटिंग’ पद्धतीचा खेळ चांगला की ‘स्मॅशिंग’चा यावर तावातावानं वाद घालणारेही तेच. मुलींनी खेळायचं ते शाळेच्या संघात, तेही शाळा जागरूक असेल तर. अमेरिकेत गेलेला आपला माणूस मुलाला म्हणतो, ‘अरे, शाळेत व्हॉलीबॉल घे ना,’ आणि मुलगा बापाकडे चमत्कारिक नजरेनं बघतो. त्याच्या लेखी तो ताईचा खेळ असतो.

गंमत अशी की हा खेळ जन्मला तो पुरुषांसाठी, तेही पोट सुटलेल्या पुरुषांसाठी. १८९५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक गावी वाय.एम.सी.ए.चा शारीरिक शिक्षण संचालक होता विल्यम मॉर्गन. चारच वर्षांपूर्वी शेजारच्या स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथनं बास्केटबॉल काढला होता. तरुणांना तो भलताच आवडला, पण दुपारी व्यायामाला येणाऱ्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांना ती धक्काबुक्की झेपेना. म्हणून मॉर्गननं मधे नेट बांधून दोन्ही बाजूंना वेगळं केलं. ते नेट साडेसहा फुटांवर होतं. पुढे स्प्रिंगफील्डच्याच परंपरेत तयार झालेले हॅरी बक मद्रासला आले आणि १९२० मध्ये त्यांनी वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. आपल्याकडच्या शाळाशाळांत खेळ शिकवणारे कितीतरी सर तिथून तयार झाले. उगम एकच असला तरी दोन्ही देशांत प्रवाह वेगवेगळ्या दिशांना वळले. आपल्याकडे खेळ बाप्यांच्या हाती राहिला आणि तिकडे तो मुलींचा झाला.

मुलींचा झाला तो कायद्यामुळे, आणि चांगल्या कायद्यामुळे. १९७२ साली अमेरिकी संसदेनं शिक्षणविषयक कायद्यात ‘टायटल नाइन’ हे कलम आणलं. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही, एवढंच ते सांगतं. कलमात खेळाचं नावही नाही. पण शाळा-कॉलेजांतला सगळ्यात ढळढळीत भेदभाव मैदानावरच होता. त्या सुमाराला देशभरातल्या हायस्कूलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखसुद्धा नव्हत्या आणि मुलगे छत्तीस लाखांच्या वर होते. आता मुलींना संघ देणं भागच होतं. मग सोयीचा खेळ कोणता? जिम आहेच, नेट स्वस्त आहे, अंगाला अंग लागत नाही, त्यामुळे त्या काळच्या आयांचीही हरकत नाही, आणि एका संघात डझन-दीड डझन मुली सामावतात. शाळांनी व्हॉलीबॉल उचलला आणि मुलींनी तो कुठल्या कुठे नेला. ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा सामना अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्ये भरवला, तेव्हा ९२,००३ माणसं बघायला आली होती. त्या वेळी त्याच नेब्रास्कात मुलग्यांच्या शालेय व्हॉलीबॉलला राज्य संघटनेची मान्यता नव्हती.

‘टायटल नाइनमुळे मुलांचे खेळ बुडाले’ असं म्हणणारे अमेरिकेत पुष्कळ भेटतात. ही तक्रार अर्धवट आहे असं मला वाटतं. कॉलेजांत मुलांचे छोटे खेळ बंद पडले हे खरं, पण ते मुलींनी खाल्ले की फुटबॉलनं, हा हिशोब कुणी नीट मांडत नाही. वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठाच्या एका फुटबॉल संघाला परवापरवापर्यंत ८५ शिष्यवृत्त्या होत्या. मुलांच्या व्हॉलीबॉलच्या अख्ख्या संघाला साडेचार. ती अर्धी शिष्यवृत्ती कुणाला द्यायची आणि उरलेल्या चार पंधरा-वीस जणांत कशा वाटायच्या, हे प्रशिक्षकानं बघायचं. मुलींच्या संघाला बारा असत. त्या बारांकडे बोट दाखवून पंच्याऐंशींबद्दल गप्प बसायचं, याला काय म्हणावं?

मधल्या पन्नास वर्षांत मुलग्यांचा खेळ मेला नाही. कॅलिफोर्निया, हवाई, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया अशा थोड्या राज्यांत तो शाळांत होता. बाकी ठिकाणी तो शाळेच्या फाटकाबाहेर राहत होता, आणि त्याला जगवणाऱ्यांत दुसऱ्या देशांतून आलेली माणसं फार होती. अमेरिकेचा सर्वांत गाजलेला व्हॉलीबॉलपटू कार्च किराय याचे वडील १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून पळून आलेले. तिथल्या ज्युनिअर राष्ट्रीय संघात खेळलेला हा माणूस. पोराला त्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळूत खेळ शिकवला आणि अकराव्या वर्षी स्पर्धेत आपला जोडीदार म्हणून उतरवलं. पोरगा सांता बार्बरा हायस्कूलमधून लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गेला, १९८४ आणि १९८८ चं ऑलिंपिक सुवर्ण त्यानं इनडोअर खेळात मिळवलं आणि १९९६ चं वाळूवरच्या खेळात.

चायनाटाउनची कथा आणखी जुनी. दक्षिण चीनच्या तायशान भागातून आलेले लॉन्ड्रीवाले आणि हॉटेलांतले कामगार गल्ल्यांत, पार्किंगच्या जागांत नऊ-नऊ जणांचा व्हॉलीबॉल खेळत. चिनी स्थलांतरितांवर बंदी घालणाऱ्या कायद्यांमुळे बायकामुलं मायदेशी अडकलेली, आठवड्याची एक सुट्टी, आणि विरंगुळा काय तर हा खेळ. १९४० च्या दशकापासून न्यूयॉर्क, बॉस्टन अशा शहरांतले संघ एकमेकांशी भिडू लागले, आणि नऊ जणांची ती स्पर्धा आजही डांबरी रस्त्यावर नेट लावून होते. आपले मल्याळी बांधवही या बाबतीत मागे नाहीत. १९८७ मध्ये इटलीत अपघातात गेलेल्या जिमी जॉर्जच्या नावानं अमेरिकेतले मल्याळी संघ दरवर्षी स्पर्धा खेळतात. या माणसांची पोरं सोमवारी शाळेत जात तेव्हा तिथे त्यांच्यासाठी फुटबॉल असे, बेसबॉल असे, कुस्ती असे. शनिवार-रविवारी घामाघूम होऊन खेळलेला खेळ मात्र शाळेत फक्त मुलींसाठी.

हे सगळं एका जागी बघायचं तर मिनेसोटात बघावं. उत्तरेकडचं हे राज्य आइस हॉकीचं, हिवाळ्यात तळी गोठणारं. राजधानी सेंट पॉलमध्ये ह्मोंग लोकांची मोठी वस्ती आहे. लाओसच्या डोंगरांतले हे लोक. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयएनं त्यांना आपल्या बाजूनं लढायला लावलं, १९७५ मध्ये बाजी उलटली, आणि मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत वर्षं काढत ते अमेरिकेत पोहोचले. दर जुलैत सेंट पॉलच्या कोमो पार्कात त्यांचा मोठा मेळा भरतो. सॉकर असतो, भोवऱ्यांचा त्यांचा पारंपरिक खेळ असतो, व्हॉलीबॉल असतो आणि सेपाक तक्रॉ. हा शेवटचा खेळ एकदा तरी बघावा. दीड मीटर उंचीचं नेट, वेताच्या विणीचा मूठभर चेंडू, आणि हात लावायची बंदी. मारणारा नेटकडे पाठ करून उडतो, हवेत उलटा होतो, खांद्यावरून पाय फेकत चेंडू पलीकडे ठोकतो आणि पायांवर येऊन उतरतो. अशा घरांतल्या पोरांना नेटपाशी उडी कधी घ्यायची, हे शिकवायला वेगळा मास्तर लागत नाही.

मिनेसोटात २०१८ च्या सुमाराला मुलग्यांच्या व्हॉलीबॉलची क्लब लीग सुरू झाली. नाव शाळेचं, कारभार पालकांचा. सुरुवातीला काहीशे मुलं होती. करोनानं २०२० चा मोसम गिळला, आणि तरीही काही वर्षांतच ही संख्या हजाराच्या पुढे गेली. त्यांत ह्मोंग आणि इतर आशियाई मुलांचा वाटा लक्षात येण्याइतका मोठा होता. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेत इतर बहुतेक खेळांच्या संघांत गोऱ्या मुलांचा भरणा असताना हा खेळ वेगळ्याच पोरांना जिममध्ये आणत होता. मान्यतेसाठी जोर लावणाऱ्यांनी हा मुद्दा वारंवार मांडला.

मान्यता म्हणजे कागदावरचा शिक्का, असं कुणाला वाटेल. पण त्या शिक्क्यामागून शाळेची बस येते, प्रशिक्षकाचं मानधन येतं, घरची ओढगस्त असेल तर फी माफ होते, आणि सामन्यासाठी शेवटचा तास बुडवायची रीतसर परवानगी मिळते. क्लबमध्ये हे सगळं आईबापांच्या खिशातून. ज्या घरात दोघंही पाळीत काम करतात, त्या घरच्या पोराला सरावाला सोडायलाच कुणी नसतं. त्यामुळे मान्यतेचा खरा फायदा श्रीमंत उपनगरातल्या पोरापेक्षा शहरातल्या अशा पोराला होतो.

मिनेसोटात मान्यतेचा ठराव शालेय क्रीडा संघटनेच्या प्रतिनिधी सभेपुढे गेला. मंजुरीला दोन-तृतीयांश मतं लागत. एकदा तो केवळ एका मतानं पडला. विरोध करणारे दुष्ट होते असं नाही. त्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. शरद ऋतूत जिम मुलींच्या व्हॉलीबॉलला, हिवाळ्यात बास्केटबॉलला, म्हणून मुलग्यांना वसंत ऋतू मिळतो. पण त्याच मोसमात बेसबॉल, ट्रॅक, टेनिस असतात. तीनशे पोरांच्या ग्रामीण शाळेत आधीच बेसबॉलला नऊ जण जमवताना नाकीनऊ येतात, तिथे आणखी एक खेळ आला की दोन्ही संघ अर्धे राहणार. शिवाय पंच कुठून आणायचे? मैदानावर शिव्या खाऊन कंटाळलेले पंच देशभर खेळ सोडून चाललेत. तरी मे २०२३ मध्ये ठराव मंजूर झाला आणि २०२५ च्या वसंतात मिनेसोटाच्या शाळांचा पहिला अधिकृत मोसम खेळला गेला.

मिनेसोटा एकटं नाही. कोलोरॅडोत अधिकृत मोसम २०२१ मध्ये सुरू झाला, ओहायोत २०२३ मध्ये, युटात २०२४ मध्ये आणि इंडियानात २०२५ मध्ये. ओहायो आणि इंडियानाच्या निर्णयांत एक मजेशीर जोडी दिसते. दोन्ही राज्यांनी मुलग्यांच्या व्हॉलीबॉलला वाट दिली ती मुलींच्या कुस्तीसोबत, एकाच वेळी. त्यामागे हिशोब आहे. हायस्कूलांत आजही मुलींपेक्षा मुलगे जास्त खेळतात, आणि नुसता मुलग्यांचा खेळ वाढवला तर समानतेचा काटा आणखी कलतो. दोन्ही एकदम आणले की तो जागेवर राहतो. मुलींची कुस्तीही तिकडे झपाट्यानं फोफावते आहे. २०२३-२४ मध्ये साठ हजारांहून जास्त मुली खेळत होत्या. फोगट भगिनींच्या घरातला झगडा ज्यांनी पडद्यावर पाहिलाय, त्यांना या साट्यालोट्याची वेगळी मजा वाटेल.

इथे आकड्यांबाबत थोडं सावध राहायला हवं. एखाद्या राज्यानं मान्यता दिली की त्या वर्षी आकडा एकदम उडी घेतो आणि बातम्या येतात: ‘वेगानं वाढणारा खेळ.’ पण त्या उडीतली निदान काही मुलं आदल्या वर्षीही खेळतच होती, क्लबच्या वहीत. फक्त वही बदलली. हे सांगितल्यानं वाढ खोटी ठरत नाही, कारण मान्यता मिळालेल्या शाळांत कधीच न खेळलेली पोरंही येतात. पण ‘मुलांमध्ये अचानक आवड निर्माण झाली’ ही कथा मला पटत नाही. आवड आधीपासून होती; मोजणारा उशिरा आला.

आवडीला फोडणी मात्र अलीकडे जबरदस्त बसली, आणि ती आली जपानमधून. हारुइची फुरुदाते यांची ‘हायक्यू’ ही चित्रमालिका २०१२ ते २०२० अशी साप्ताहिकात चालली, २०१४ पासून तिचं अ‍ॅनिमेशन आलं. कारासुनो नावाच्या हायस्कूलचा संघ, आणि नायक हिनाता हा बुटका. व्हॉलीबॉलच्या गोष्टीत बुटका नायक ठेवणं हीच लेखकाची हुशारी. अमेरिकेतल्या नव्या संघांत ‘तू इकडे कसा आलास?’ विचारलं की कुणी सांगतो बहिणीमुळे, कुणी सांगतो बास्केटबॉलच्या निवडीत नाव उडालं म्हणून, आणि हटकून दोघंतिघं या मालिकेचं नाव घेतात. अशा पोरांना खेळाचे नियम माहीत असतात, चेंडू उचलून देणारा ‘लिफ्टर’ कुठून कुठे पळतो हेही तोंडपाठ असतं, पण अंडरहँड पास मात्र कोपरापासून छताकडे उडतो. प्रशिक्षक पहिले दोन आठवडे त्यांना नेटला हातच लावू देत नाहीत. जोडी-जोडीनं समोरासमोर उभं राहायचं, मनगटं जुळवायची, गुडघ्यात वाकायचं आणि चेंडू दुसऱ्याच्या पोटापाशी पोहोचवायचा. स्मॅश मारायला आलेल्या सोळा वर्षांच्या पोरासाठी ही मोठी तपश्चर्याच.

फुटबॉलला डोक्याच्या दुखापतींच्या भीतीनं नाही म्हणणारे पालकही या पालखीला खांदा देतात. तरी फुटबॉल खेळणारे हायस्कूलचे मुलगे आजही दहा लाखांच्या आसपास आहेत. तिथून फार मोठी गळती होऊन इकडे भरती झाली, असं काही चित्र नाही.

शाळेनंतर काय, हा प्रश्न अवघड आहे. विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीत मुलींचे व्हॉलीबॉल संघ तीनशेच्या वर आहेत. मुलांच्या संघांचं मोजमाप डझनांत होतं. राष्ट्रीय स्पर्धा १९७० पासून चालू आहे, आणि एका अल स्केट्स नावाच्या प्रशिक्षकानं लॉस एंजेलिसच्या संघाला १९ विजेतेपदं मिळवून दिली. एकाच कॉलेजाला इतकी मिळावीत यातच मैदान किती छोटं होतं ते कळतं. आता लहान खासगी कॉलेजं संघ काढू लागली आहेत. त्यांचं गणित रोकडं आहे: संघ काढला की फी भरणारे वीस विद्यार्थी येतात. २०१२ पासून तिसऱ्या श्रेणीची वेगळी स्पर्धाही सुरू झाली. मला जास्त मोलाचा वाटतो तो कृष्णवर्णीयांच्या जुन्या महाविद्यालयांचा प्रयोग. राष्ट्रीय व्हॉलीबॉल संघटना आणि ‘फर्स्ट पॉइंट’ नावाच्या प्रतिष्ठानानं मिळून दहा लाख डॉलर दिले, आणि मोअरहाउस, फोर्ट व्हॅली, सेंट्रल स्टेट अशा सहा ठिकाणी मुलांचे संघ उभे राहिले. ज्या समाजाच्या पोरांना हा खेळ आपला वाटत नव्हता, त्यांच्यासाठी पुढची वाट आधी बांधली गेली. शाळांतून पोरं येतील ती ही वाट बघूनच.

२०२५ मध्ये न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजांतल्या शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा गेली आणि संघात किती जण ठेवायचे यावर मर्यादा आली. वाचायला उदार. प्रत्यक्षात खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभाही त्याच तडजोडीत आहे, आणि ते पैसे कुणाकडे वळणार हे सांगायला ज्योतिषी नको. कॉलेजच्याही पुढे जाणारा अमेरिकी पुरुष खेळाडू इटली, पोलंड, जपान गाठतो. कधी कधी आपल्याकडेही येतो. बीजिंग ऑलिंपिकचा सुवर्णविजेता डेव्हिड ली २०२२ मध्ये आपल्या प्राइम व्हॉलीबॉल लीगमध्ये कालिकतकडून खेळला होता.

२०२८ चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आहे. अमेरिकी पुरुषांनी पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं, आणि आता त्यांचा प्रशिक्षक आहे कार्च किराय. मधल्या काळात त्यानं महिला संघाला टोकियोत पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं होतं. म्हणजे त्याच्याही कारकिर्दीत मुलींचा क्रम आधी लागला आणि मग तो मुलग्यांकडे वळला. घरच्या प्रेक्षकांसमोर पदक आलं तर उरलेली राज्यं हलतील, असं खेळातली माणसं म्हणतात. उरलेल्यांत सगळ्यात मोठं आहे टेक्सास. शुक्रवारची रात्र फुटबॉलला वाहिलेलं, गावागावात हजारोंची स्टेडियमं बांधणारं, आणि मुलींच्या व्हॉलीबॉलमध्ये देशातल्या अव्वल राज्यांपैकी एक. तिथल्या सार्वजनिक शाळांच्या क्रीडा संघटनेनं २०२५ पर्यंत मुलग्यांच्या व्हॉलीबॉलला मान्यता दिलेली नव्हती. खेळायचं तर तिथलं पोरगं क्लबची फी भरतं.